आजचा भाव

शहापुरात साडेदहाला शटरं वर जातात.
त्याआधी माझं अर्धं काम उरकलेलं असतं:
काल रात्री लंडन कितीवर मिटलं,
डॉलर कुठल्या कुशीवर झोपला,
कोल्हापूरचा भाव, हुबळीचा भाव,
आणि मग आमचा,
दोघांच्या मधे कुठंतरी,
जसे आम्ही.

पायरीवर काळा फळा.
वर कन्नडात, कारण तसा नियम आहे.
खाली मराठीत, कारण तसं गिऱ्हाईक आहे.
आकडा मात्र एकदाच लिहिते.
आकड्यावर आजवर कुणी मोर्चा आणलेला नाही.

बाबा याच पायरीवर टंच काढायचे.
कसोटीवर एक रेघ, तेजाबाचा एक थेंब,
समोरचा माणूस श्वास धरून.
रेघ टिकली तर बाबा काहीच बोलत नसत.
विरली, तर आधी चहा मागवत.

आता टंचाला मशीन आली, दुकान रेवणकरांनी घेतलं,
फळा तेवढा माझ्याकडे राहिला
आणि हा फोन.

खानापूरहून काजूवाले:
‘आज वाढूलंय की उतरूलंय?’
निपाणीहून तंबाखूच्या वखारीतले:
‘दिवाळीपर्यंत कुठं जाईल ते बोला.’
मी कालचं सांगते. आजचं सांगते.
घडणावळ वेगळी, जीएसटी वेगळा, हेही सांगते.
उद्याचं कपिलेश्वराला विचारा,
त्यानंही अजून कुणाला सांगितलेलं नाही.

एकदाच बोलून गेले.
पतपेढीतले मुचंडी, निवृत्तीचे पैसे हातात,
म्हटलं, घेऊन ठेवा, आता खाली येत नाही.
सात महिने भाव पाय पसरून बसला.
पोरीच्या फीसाठी त्यांनी तोट्यात मोडलं.
अजून गणपत गल्लीत दिसलो
तर आधी हसतात ते.
मीच चपलेचा अंगठा बघत बसते.

आणि बैलहोंगलच्या शिवलीला टीचर.
रोज सव्वादहाला.
‘इवत्तु एष्टु, अक्का?’
मी सांगते. पलीकडे पेनाचा आवाज.
‘सरी.’
बस्स, एवढंच. चार वर्षं.
घेणं नाही, देणं नाही,
गुंजभरसुद्धा नाही.

परवा मीच विचारलं, माझ्या मोडक्या कन्नडात:
टीचर, कधी घेणार?
त्या त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या,
‘घ्यायचं नाही गं. चार बांगड्या होत्या. अम्माच्या.
पाच तोळे.
ह्यांच्या ऑपरेशनला दिल्या, तिथंच, शहापुरात.
आज कितीच्या झाल्या असत्या,
तेवढं लिहून ठेवते.’

दिल्या घरी गेलेल्या पोरीची
खुशाली विचारावी तसं.

मी काही बोलले नाही.
कसं सांगू, की मोडलेला दागिना
त्याच संध्याकाळी मागच्या बोळात
बंगाली पोराच्या मुशीत उतरतो,
दुसऱ्या दिवशी तो कुणाचं तरी मंगळसूत्र असतो,
तिसऱ्या दिवशी त्याला आधीचं काही आठवत नाही.

त्याच पुढं म्हणाल्या,
‘तुझे वडील फार चांगले होते.
त्या दिवशी मी रडकुंडीला आलेली.
वजन करायच्या आधीच
त्यांनी मला चहा मागवला.’

फोन कानाला तसाच.
रस्त्यावर खडूचा डबा घेऊन मी,
मागं फळा अर्धा पुसलेला.

अम्माच्या बांगड्या.
किती असतील? अठरा? त्याहून खाली?
बाबांनी काय सांगितलं असेल, कुठल्या भाषेत,
आणि त्यांनी काय ऐकलं असेल?
की सांगितलंच नाही,
आणि वरची रक्कम गल्ल्यातून घातली?
तसल्या महिन्यांत आई किराणा उधार आणायची,
एवढं मला आठवतं.

आज सव्वादहाला फोन आला.
‘इवत्तु एष्टु, अक्का?’

मी बावीसचा भाव सांगितला.
पेनाचा आवाज थांबेपर्यंत थांबले.